ख्रिस्तातलं स्वातंत्र्य आणि आपली ओळख : ठाण्यात मराठी वचन-अभ्यास कसा चालवावा?

कोपरीकर
नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये मराठी वचन-अभ्यास (बायबल वाचून त्यावर चर्चा) ठरतोय. आठ शनिवार, दर वेळी दीड तास, दहा-बारा माणसं. निम्मी जन्माने ख्रिस्ती : अहिल्यानगर-जालन्याकडची प्रोटेस्टंट घरं आणि दोन ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडची मूळची) कॅथलिक कुटुंबं. उरलेली नुसती जाणून घ्यायला येणारी, बाप्तिस्मा वगैरे त्यांच्या डोक्यातही नाही. विषय धाग्याच्या नावात आहेच. या विषयावर जे तयार मिळतं ते बहुतेक 'मी विजेता, मी राजपुत्र' छापाचं असतं. ते नको आहे. उतारा कुठला घ्यावा, भाषांतर कुठलं, गाणी कुठली, आणि असे गट नेमके कुठे फसतात? जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

बालरक्षक
गलतीकरांस पत्र घ्या, म्हणजे पौलाने गलतीयातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं, बायबलच्या नव्या करारातलं पत्र, आणि पहिले सात आठवडे तिथेच राहा. सहा अध्याय, १४९ वचनं. मोठ्याने वाचलं तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतं.

पहिल्या शनिवारी पूर्ण पत्र वाचा. चर्चा नाही, प्रश्न नाहीत. हे पत्र मंडळीत (जमलेल्या ख्रिस्ती लोकांसमोर) वाचून दाखवायलाच लिहिलेलं आहे, आणि आपण मात्र त्यातलं एकेक वचन खुडून फ्रिजवर चिकटवतो. वाचनाचे तुकडे आदल्या दिवशीच वाटून द्या. ठाण्यातली इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी बोलतात फर्डं, पण देवनागरी वाचताना अडखळतात. आयत्या वेळी पुस्तक हातात दिलंत तर ती पुढच्या शनिवारी येणार नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावं, कारण गलतीयातल्या बहुतेकांनीही ते कानांनीच ऐकलं असणार.

दुसरा शनिवार सगळ्यात महत्त्वाचा. अध्याय २, वचनं ११ ते १४. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परजातीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवत होता. यरुशलेमेकडची माणसं आली तसा तो हळूच पानावरून बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. हा प्रसंग इतर भाषांत तळटीप लावून समजवावा लागत असेल, मराठीत एक शब्द पुरतो : पंक्तिप्रपंच. पौलाच्या लेखी तारणाचा प्रश्न आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो हा प्रश्न वेगळे नाहीत. 'आधी आमच्यासारखे व्हा (म्हणजे सुंता करून यहुदी आचार पाळा), मग देवाचे व्हाल' असं गलतीकरांना कोणी सांगत होतं, आणि सगळं पत्र त्या 'आधी'वर उठलेलं आहे. हे पहिल्या दोन आठवड्यांत पक्कं बसलं नाही तर पाचव्या अध्यायातलं 'स्वातंत्र्य' हवेत तरंगतं. मग माणसं त्याचा अर्थ मनःशांती किंवा नोकरीतली बढती असा काही तरी लावतात.

तिसऱ्या आठवड्यात ३:१ ते २५ (अध्याय ३, वचनं १ ते २५) घ्याल तेव्हा जोडीला जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकातलं २०:२ वाचा. दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही. 'मी तुला दास्यगृहातून बाहेर काढलं' ही आठवण आधी येते. आधी सुटका, मग नियम. हा क्रम उलटला की नियमशास्त्र (मोशेकरवी दिलेल्या आज्ञा) म्हणजे निव्वळ शिक्षा असं वाटू लागतं.

मासुंदा
भाषांतराबद्दल. मुख्य वाचनाला बायबल सोसायटीची पारंपरिक आवृत्ती ठेवा. जुन्या घरांतल्या लोकांच्या कानात तीच आहे. नवीन माणसांच्या हातात सामान्य भाषेतली आवृत्ती द्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की अडलेली वाक्यं आपोआप सुटतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर तुलनेला उत्तम. ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडलं, रमाबाई गेल्या त्याच्या दोन वर्षांनी. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या बाईने मुद्दाम साधी, बायाबापड्यांना कळेल अशी मराठी वापरली, हेही विषयाला धरूनच आहे. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आणि प्रोटेस्टंटांत ६६, यावर वाद निघाला तर तिथेच थांबवा. गलतीकरांस पत्र दोन्हींत तेच आहे.

शब्दांचा एक घोळ मात्र होणारच. 'तारण'. जन्माने ख्रिस्ती माणसाला हा शब्द दुधातल्या साखरेसारखा. बाहेरच्याला गोखले रोडवरची 'सोनेतारण कर्ज' पाटी आठवते. लाजू नका, तिथूनच सुरुवात करा. गहाण पडलेली वस्तू किंमत भरून सोडवून आणायची, हीच नव्या करारातल्या 'अपोलुत्रोसिस' या शब्दाची मूळ कल्पना. बँकेत तारण म्हणजे गहाण, आणि मंडळीत तारण म्हणजे सुटका. एकाच शब्दात दोन्ही टोकं सापडली तर सोडायची कशाला?

वाशीखाडी
ख्रिस्ती नाही, पण वाचतोय. दोन शंका. एक, मोक्ष आणि हे तारण यांत फरक काय? दोन, पाचव्या अध्यायात 'पुन्हा दास्यात सापडू नका' म्हणता, आणि तोच पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. मग स्वातंत्र्य कसलं? मालक बदलला, एवढंच.

बालरक्षक
@वाशीखाडी, दुसरी शंका आधी. ग्रीकमध्ये दोन्हीकडे मूळ शब्द एकच, 'दूलोस', म्हणजे गुलाम. मराठीत मात्र 'दास'ला भक्तीचा वास आहे. रामदास म्हटलं की आपल्याला गुलाम दिसत नाही, समर्थ दिसतात. त्यामुळे मराठी वाचकाला रोमकरांस १:१ फारच सोपं वाटतं आणि गलतीकरांस ५:१ मधल्या दास्याची धार बोथट होते. गटात हे उघड सांगावं. आणि हो, तुम्ही म्हणता ते पौल नाकारत नाही. ५:१३ मध्ये तो म्हणतो, स्वातंत्र्य मिळालं आहे ते प्रीतीने एकमेकांची सेवा करायला, आणि तिथलं क्रियापद त्याच 'दूलोस'मधून आलेलं आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की आता दास्य दोन्ही बाजूंनी आहे. एकमेकांचे. एकट्या खालच्याने वरच्याची सेवा करायची, हे गेलं.

मोक्षाबद्दल थोडक्यात : मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं, आणि त्याचेही अद्वैती व भक्तिमार्गी अर्थ निराळे. पौलाचा भर 'कशातून' सुटलो यापेक्षा 'कोणाच्या घरात आलो' यावर आहे. गटात याची स्पर्धा लावू नका. कोण वरचढ हे ठरवायला लोक आलेले नाहीत.

चौथ्या शनिवारचा उतारा ३:२६ ते ४:९. ओळखीचा गाभा इथे आहे. तीन गोष्टी चुकवू नका.

पहिली, 'पुत्र'. गटातल्या बायका विचारतील, आणि विचारायलाच हव्यात, की आम्ही पुत्र कशा? त्या काळी वारसा प्रामुख्याने मुलाकडे जायचा. पौल ३:२८ मध्ये दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद मोडतो आणि ४:७ पर्यंत सगळ्यांनाच वारस ठरवतो. 'पुत्र' हा इथे सातबाऱ्यावर नाव लागण्याचा शब्द आहे. घाईने 'मुलं' करून टाकलं तर वाचायला गोड लागतं, पण वारस्याचा मुद्दा निसटतो.

दुसरी, दत्तक. ४:५ मधला ग्रीक शब्द दत्तकविधानाचा. रोमन कायद्यात दत्तक गेलेला माणूस जुन्या घरापासून कायद्याने सुटायचा आणि नव्या घराचा पूर्ण वारस व्हायचा. शाळेत डलहौसीचं 'दत्तक वारस नामंजूर' आणि १८४८ साली खालसा झालेलं साताऱ्याचं राज्य सगळ्यांनीच घोकलेलं असतं. त्याची आठवण काढा. दत्तक मंजूर होणं म्हणजे काय हे लगेच उमगतं.

तिसरी माझ्या आवडीची. ४:६ मध्ये पौल 'तुम्ही' म्हणतो, अनेकवचनात. ४:७ मध्ये एकदम 'तू आता दास नाहीस'. मूळ ग्रीकमध्येही असंच आहे. आजची इंग्रजी वाचणाऱ्याला हा बदल दिसतच नाही, कारण तिकडे तू आणि तुम्ही एकच. मराठीत तो ठसठशीत दिसतो. भर सभेत बोलता बोलता कोणा एकाकडे वळून पाहावं तसा. आणि ४:९ : 'तुम्ही देवाला ओळखता' म्हणून तो स्वतःलाच दुरुस्त करतो, 'किंबहुना देवाने तुम्हाला ओळखलं आहे'. आपल्या भाषेत ओळख म्हणजे ओळखपत्रावर असते तीही, आणि गर्दीत कोणी तरी आपल्याला ओळखतं तीही. पौलाला दुसरी अभिप्रेत आहे. 'मी कोण' हे आरशात बघून शोधायचा खटाटोप त्यामुळे निम्मा कमी होतो.

एकतारी
गाण्यांचं माझ्याकडे. रेव्हरंड ना. वा. टिळक सोडून इकडे-तिकडे जाऊच नका. बाप्तिस्मा १८९५, निधन १९१९. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा गळा दिला. प्रोटेस्टंट घरांत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक असतंच, त्यात त्यांची पदं सापडतील.

कृतीचं सांगतो. दर वेळी दोनच गाणी, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, छोटा आठ-आठचा. नवीन माणसांना छोटा लवकर बसतो. ठेका भजनी, आठ मात्रांचा. फ्लॅटमध्ये ढोलकी नको, आवाज भिंतीतून आरपार जातो. हार्मोनियम आणि टाळांची एक जोडी भरपूर झाली, तेही टाळ मुठीत दाबून. पट्टीची चूक सगळेच करतात : वाजवणारा पुरुष हार्मोनियमवर आपली काळी एक धरतो आणि बायकांना खर्जात ढकलतो. बायकांच्या सोयीची काळी चार धरली तर पुरुष ओरडतात. मिश्र गटाला पांढरी तीन-चारच्या आसपास धरून बघा आणि अंतऱ्यात कोण तुटतं ते ऐका. पडद्यावर शब्द दाखवू नका, कागद छापून द्या. पडद्याकडे बघणारी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

अवांतर : फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'तल्या (१६१६) ओव्या एकदा तरी वाचून दाखवा. सुमारे अकरा हजार ओव्या, लिहिणारा इंग्रज जेझुइट. 'ख्रिस्ती झालं की मराठीपण जातं' म्हणणाऱ्याला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

धर्मग्राम
कॅथलिक घरं आहेत म्हणून तीन सूचना. भाकर मोडून 'प्रभुभोजन' फ्लॅटमध्ये करू नका. कॅथलिकांना ते चालणार नाही आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांतही तो पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) अधिकार आहे. शब्द दोन्ही वापरा : बाप्तिस्मा आणि स्नानसंस्कार, उपासना आणि मिस्सा. एकाच्याच शब्दांत बोललात की दुसरा पाहुणा होतो.

तिसरी, चौकशी करणाऱ्यांपैकी कोणी पुढे जायचं म्हणालं तर गटाने बाप्तिस्मा देऊ नये, चर्चकडे पाठवावं. कॅथलिक पद्धतीत प्रौढांची तयारी टप्प्यांनी होते : आधी चौकशीचा काळ, मग उमेदवारी, ती अनेक महिन्यांची असते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवडीचा विधी, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या रविवारी परीक्षणविधी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एकत्र. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये किंवा आपापल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांना भेटलं की पुढचं कळतं. इतका वेळ का लावतात, असं लोक विचारतात. घाईत घेतलेला निर्णय स्वतंत्र आहे की नाही हे घेणाऱ्यालाही कळत नाही, म्हणून.

नाव बदलावं लागत नाही. नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. रमाबाईंना १८८३ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी 'मेरी रमा' हे नाव मिळालं, पण जग त्यांना कुठल्या नावाने ओळखतं ते सांगायला नको.

कळवा_नाका
कागदपत्रांचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हा दर्जा हिंदूंना आहे. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. मनाने ख्रिस्ती आणि नोकरीपुरतं कागदावर हिंदू, असा दावा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला. अनुसूचित जमातींचा दर्जा धर्माला बांधलेला नाही. चौकशी करणाऱ्याला हे गटप्रमुखाने आधीच सांगायला हवं, बाप्तिस्म्यानंतर नव्हे. 'विश्वास असेल तर देव बघेल' हे उत्तर दुसऱ्याच्या मुलाच्या ॲडमिशनवर द्यायला फार सोपं असतं.

आणि ३:२८ वाचताना जात टाळू नका. सोयरीक जुळवताना मंडळीतली घरंसुद्धा 'मूळचे कोण' विचारतात. दुसऱ्या आठवड्यात पेत्राला नावं ठेवून चौथ्या आठवड्यात गप्प बसलात तर चौकशीला आलेली माणसं ते बरोबर हेरतात.

कोपरीकर
@कळवा_नाका, आभार. गटात कोणालाही अन्नधान्य, फी, नोकरी यांचं आमिष नाही, वर्गणी नाही, लहान मुलं आई-वडिलांबरोबरच येतील, हे ठरवलं आहे.

बालरक्षक
योग्य. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क मान्य केला, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात नाही असं सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी गलतीकरांस पत्र शिकवताना माणसावर दाब टाकणं म्हणजे पत्राच्याच विरोधात जाणं. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, तरी तिथल्या विधवांना आपापले जातीचे आचार पाळायची मोकळीक होती.

परिचारिका
पाचव्या-सहाव्या आठवड्यात 'बंधनातून मुक्ती' म्हटलं की कोणी तरी पिढीजात शाप तोडायचा विषय काढतंच. घरातल्या दारूला, मूल न होण्याला, नैराश्याला आजोबांची पूजाअर्चा कारण, आणि ते तोडायला अमुक पाळकांची खास प्रार्थना, असं. वचनानेच उत्तर द्या : जुन्या करारातलं यहेज्केल, अध्याय १८, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले ही म्हण देव तिथे बंद करायला सांगतो. आणि गलतीकरांस ३:१३, शापाचा हिशेब ख्रिस्ताने मिटवला. मिटलेल्या हिशेबाची वसुली करत फिरणारा माणूस कोणाच्या वतीने फिरतो, ते ज्याचं त्याने ओळखावं.

व्यवहारात तीन नियम. प्रार्थनेत कोणाला ढकलायचं, धरायचं, ओरडायला लावायचं नाही. गोळ्या बंद करायला सांगायचं नाही, मधुमेहाच्याही नाही आणि मनोविकाराच्याही नाही. मनोविकाराची काही औषधं एकदम थांबवली तर चार-आठ दिवसांत झोप जाते, थरथर सुटते, आजार उलटतो, आणि मग त्यालाच 'सैतानाचा हल्ला' म्हणतात. कोणी आत्महत्येचं बोललं तर प्रार्थना जरूर करा, पण त्या माणसाला एकटं सोडू नका आणि तिथल्या तिथे १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो.

वाशीखाडी
परिचारिकाताईंना +१. एक घरगुती प्रश्न. गणपतीत शेजारी प्रसाद देतात. घ्यायचा की नाही? या एका मोदकावरून बिल्डिंगीत अबोला धरलेली माणसं आहेत.

मासुंदा
पौलाचंच करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८, आणि मग १०:२५ ते ३०. प्रश्न अगदी हाच : मूर्तीला वाहिलेलं अन्न. पौलाचं उत्तर 'खा' नाही आणि 'खाऊ नका' असंही नाही. पदार्थात काही भरलेलं नाही. पण तुमच्या खाण्याने कोणा दुबळ्या मनाच्या भावाचा विवेक दुखावत असेल तर थांबा. मूर्तीच्या यज्ञभोजनात सामील होणं मात्र तो निराळं मानतो (१०:१४ ते २२), ते लपवू नका. त्यामुळे दोन घरं दोन निर्णय घेतील. रोमकरांस १४ प्रमाणे घेणाऱ्याने न घेणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न घेणाऱ्याने घेणाऱ्याला दोषी ठरवू नये. नाही घ्यायचा तर हात जोडून, हसून सांगा. घेऊन कचऱ्यात टाकणं हे मात्र सगळ्यांत वाईट, त्याला कुठल्याच अध्यायाचा आधार नाही.

बालरक्षक
उरलेले आठवडे पटकन. पाचवा : ५:१ ते १५. सहावा : ५:१६ ते २६. आत्म्याच्या फळात नऊ गुण आहेत, पण 'फळ' एकवचनी आहे. 'माझ्याकडे आनंद आहे, सहनशीलता नाही' असं फोडी करून वाटता येत नाही. सातवा : ६:२ म्हणतं एकमेकांची ओझी वाहा, ६:५ म्हणतं प्रत्येकाने आपला भार वाहावा. गडबडून जाऊ नका, ग्रीक शब्द दोन आहेत. पहिला 'बारोस', न झेपणारं ओझं. दुसरा 'फोर्तिओन', ज्याची त्याने न्यायची शिदोरी. लोकलमध्ये म्हाताऱ्या बाईची पाटी उतरवून देतो तो पहिला, स्वतःची बॅग रॅकवर ठेवतो तो दुसरा.

आठवा : फिलेमोनाला पत्र, २५ वचनं. घरातून गेलेला दास अनेसिम, त्याला 'दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून' परत घे, असं पौल मालकाला लिहितो. थेट 'त्याला मुक्त कर' असा हुकूम तो देत नाही, आणि याच पत्राचा आधार अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी घेतला. हे गटात सांगा. पत्र चकचकीत करून दाखवायची गरज नाही.

एकतारी
वेळेबद्दल कोणी बोललं नाही. शनिवार ठेवलात ते बरं, रविवारी सकाळी उपासना आणि दुपारी मेगाब्लॉक. संध्याकाळी साडेसहाला सुरू, आठला बंद. ऐरोली-नेरूळकडून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांना परतायचं असतं. माईक अजिबात नको. निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल, दहा माणसं जोरात गायली तर माईकशिवायच तिथवर पोचतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा आणि चपला जिन्यात पसरू देऊ नका. निम्म्या तक्रारी भजनाच्या नसतात, चपलांच्या असतात.

कळवा_नाका
शेवटच्या शनिवारी जेवण ठेवणार ना? मग एक सांगते. डबे आपापले आणून आपापले खाल्ले तर दुसरा आठवडा फुकट गेला. सगळं एकत्र मांडा. शाकाहारी पातेली आणि डाव निराळे ठेवा, म्हणजे वाशीखाडीसारख्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. पण पानं एकाच ओळीत. बारा जणांना दीड किलो तांदूळ पुरतो, पोळ्या असतील तर एक किलो.

कोपरीकर
जेवण ठेवतोय. वाढायला पुरुष.

वाशीखाडी
डाळिंबी उसळ माझ्याकडून. वालाला मोड यायला दोन दिवस लागतात, शनिवार नक्की झाला की गुरुवारच्या आत कळवा.